कळीदार ड्रेस बगलेत विरलाय, तसाच दुसरा शिवायचाय. जुना उसवू की कागदावरूनच कापू?

तापीकाठ, भुसावळ

नमस्कार मंडळी. कॉटनचा योक (खांद्यापासूनचा वरचा भाग) आणि खाली सहा कळ्या (खाली रुंद होत जाणारे तुकडे) असा ड्रेस आहे. धुऊन धुऊन आता रफूच्याही पलीकडे गेलाय. अगदी तोच पुन्हा हवाय, फिटिंगसकट.

मापं अशी: अंगाची छाती 34, तयार ड्रेसची 38. खांद्यापासून योक 14 इंच, जोडाशी गोलाई 36. खाली कळ्यांची लांबी 30, म्हणजे एकूण 44. खालचा घेर साधारण 90. बाही थ्री-फोर्थ, 17 इंच. गोल गळा, आतून तिरपी पट्टी. बाजूच्या शिवणीत खिसे. चेन, बटण काही नाही, डोक्यातून घालायचा.

काय काय बिघडलंय: दोन्ही बगलांत कापड फाटलंय, उजवीकडे जास्त. शिवण शाबूत आहे, तिच्या शेजारी बोटभर अंतरावर गेलंय. गळा पसरलाय, खांद्यावरून घसरतो. खालची कड सरळ राहिलेली नाही, कळ्यांच्या जोडांपाशी लोंबते. उजव्या खिशाचं तोंड खालच्या कोपऱ्यात उसवलंय.

क्लासच्या वेळचा ब्राऊन पेपर सापडला, पण त्यात फक्त योक आणि बाही आहे. शिलाईचं मार्जिन धरलंय की नाही ते लिहिलेलं नाही. नवीन कापड 3 मीटर आणलंय, पन्हा (कापडाची रुंदी) 42 इंच, कॉटन, हाताला कडक लागतं. आखाजीला घालायचा विचार आहे. तर जुना उसवून त्यावरून काढू की कागदावरूनच कापू? आणि 3 मीटर पुरेल ना?

पायमशीन, धुळे

ताई, उसवा, पण अर्धाच. उजवी बाजू जास्त फाटलीय म्हणता, तर डावी उसवा: डावा पुढचा योक, डावा मागचा, डावी बाही, डावीकडची एक कळी. उजवी बाजू जोडलेली तशीच राहू द्या. खिसा आधी लावला की बाजूची शिवण आधी मारली, पट्टी कुठून सुरू केली, हे शिवताना अडलं की तिथे बघता येतं. सगळा उसवला तर हातात नुसते तुकडे उरतात.

उसवण्याआधी धुवा, खळ घालू नका. दोरा ओढून शिवण फाडू नका. एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका कापा, मग उलट्या बाजूचा दोरा धरला की तो लांबच्या लांब निघून येतो. विरलेल्या कापडाला ओढ सोसत नाही.

सुटे भाग इस्त्री करताना इस्त्री उचलून ठेवायची, घासत न्यायची नाही. घासली तर मुंढा (बाही जोडायचा गोल) आणि गळा अजून पसरतात आणि तेच चुकीचं माप कागदावर उतरतं. मग प्रत्येक भागावर उभा धागा (किनारीला समांतर जाणारा) शोधून त्यावर पेन्सिलने रेघ ओढा. ही रेघ कागदाच्या उभ्या रेघेवर बसवूनच भाग टाचायचा. कापडाच्या कडेवर भरवसा ठेवू नका. सुईची भोकं ओळीने दिसतात, ती खरी शिवणीची रेघ. तिच्यावर चक्री (खुणा उमटवायचं दातेरी चाक) फिरवा, खाली कार्बन. मार्जिन नंतर वेगळं वाढवायचं.

आता महत्त्वाचं. तीन जागा जुन्या ड्रेसवरून उतरवूच नका.

एक, पुढचा गळा. तो तिरप्यात, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना तिरका येतो म्हणून पसरतो. तुम्हीच म्हणता घसरतो, मग तोच पसरलेला गळा नव्या ड्रेसला कशाला? तो कागदावरून घ्या आणि मागच्या गळ्याशी ताडून पाहा. मागचा कमी उतरतो.

दोन, बगल. तिथलं कापड गेलंय, गोलाई हातानेच जुळवावी लागेल.

तीन, कळीच्या कडा. दोन्ही कडा तिरप्या, म्हणजे दोन्ही वाढलेल्या. कळी मोजून नव्याने आखा: मधोमध 30 इंचाची उभी रेघ, वर दोन्हीकडे 3-3 इंच, खाली दोन्हीकडे साडेसात-साडेसात. वरची रुंदी 6 गुणिले 6 म्हणजे 36, खालची 15 गुणिले 6 म्हणजे 90. तुमची मापं बरोबर बसतात.

कागदात मार्जिन आहे की नाही ते एका मिनिटात कळतं. छातीच्या रेघेवर मधल्या घडीपासून बाजूपर्यंत मोजा. 38 चा पाव भाग साडेनऊ. साडेनऊ आलं तर मार्जिन नाही. साडेदहा आलं तर बाजूला एक इंच धरलेलं आहे. मधलंच काही आलं तर तो कागद दुसऱ्या मापाचा समजा.

बोरीकाठ, अमळनेर

आपल्याकडे म्हणतात तसं, कापड पुरस का नही ते पयले देखा! उसवणं-बिसवणं नंतर.

कडक लागतंय म्हणजे कापडात खळ आहे. ती पहिल्या धुण्यात निघते आणि कापड आखडतं. न भिजवता शिवलात तर पहिल्याच धुण्यात 44 चा ड्रेस साडेबेचाळीसवर येऊ शकतो. म्हणून आधी कापडावर कडेपासून लांब 20 बाय 20 इंचाचा चौकोन धुऊन न जाणाऱ्या पेनने कोपऱ्यांच्या चार ठिपक्यांनी आखा, पण अशा जागी की पुढे तो शिवणीत किंवा खिशाच्या आत जाईल. कापड रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. सकाळी न पिळता निथळत टांगा, तेही सावलीत. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात गडद रंग एका दुपारीत उतरतो. मीठ घातल्याने कच्चा रंग पक्का होत नाही, तेव्हा मिठाच्या भरवशावर पांढऱ्या कपड्यांत टाकू नका. अर्धवट ओलं असतानाच इस्त्री करा आणि ठिपके मोजा, उभे वेगळे, आडवे वेगळे.

आता हिशोब. कळीची कापायची लांबी: 30, वर अर्धा, खाली दीड, म्हणजे 32. कापायची रुंदी वर 7, खाली 16. पन्हा 42 असला तरी भिजून आणि किनार सोडून 41 धरा. कळ्या उलट-सुलट मांडल्या, एक सरळ, दुसरी डोक्यावर, तिसरी सरळ, तर 16 अधिक 7 अधिक 16, म्हणजे 39 इंचांत तीन बसतात. सहा कळ्यांना 32 च्या दोन ओळी: 64 इंच. योक एकेक 21 रुंद, 15 लांब. त्याच्या बाजूला एक बाही, 16 रुंद, साडेअठरा लांब. 21 आणि 16 म्हणजे 37, पन्ह्यात बसलं. अशा दोन ओळी: 37 इंच. एकूण 101.

3 मीटर म्हणजे 118 इंच. भिजून 113 उरले तरी बारा इंच शिल्लक, त्यात खिसे आणि तिरपी पट्टी निघते.

पण एक अट आहे. कापडावरची नक्षी एकतर्फी नको. बुट्टे एकाच दिशेने वर बघत असतील तर उलट-सुलट मांडता येत नाही, एकाआड एक कळीवर ते डोक्यावर उभे राहतील. सगळ्या कळ्या एकाच दिशेने ठेवल्या तर 41 मध्ये दोनच बसतात, तीन ओळी लागतात आणि नुसत्या कळ्यांनाच 96 इंच जातात. मग 133 इंच हवेत, कापड पुरत नाही. नक्षी कशी आहे ते सांगा.

आणि खरंच कॉटन आहे ना? काठाचे दोन-तीन धागे काढून पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटात चुरगळणारी राख म्हणजे सूत. वितळून टोकाला कडक गोळी झाली तर मिसळ आहे. सुरतेकडून येणारा असा माल आपल्या बाजारात मुबलक असतो आणि बोलताना त्यालाही कॉटनच म्हणतात. मिसळ आखडत नाही हे खरं, पण 45 अंशांत अंगावर ठेववत नाही.

कैचीवाले मास्तर, चाळीसगाव

उसवायच्या मी विरोधात आहे. योक आणि बाहीचा कागद हातात आहे, कळी आखूनच काढायची आहे, मग उसवून मिळणार काय? विरलेला कपडा उसवला की कडा सुटतात आणि एक-दोन सुतांची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चूक हमखास होते. ड्रेस उलटा करा, जाड पुठ्ठ्यावर कागद, त्यावर ड्रेस, आणि शिवणीतून दर अर्ध्या इंचाला टाचणी आरपार टोचत जा. कागदावर ठिपके उमटतात. चुण्या नसलेल्या भागाला एवढं पुरतं.

पण मुद्दा उसवण्याचा नाहीच. बगलेत फाटलंय कशाने ते आधी शोधा, नाहीतर नवाही तिथेच जाईल.

शिवण शाबूत आणि शेजारचं कापड गेलेलं, याचा अर्थ दोरा कापडापेक्षा मजबूत आणि ताण कापडावर. ताण येतो कुठून? मुंढा खोल आहे. हात वर केला की खोल मुंढ्याचा ड्रेस बगलेतून अख्खा वर ओढला जातो. दांडीवर कपडे टाकताना खालची कड किती वर चढते ते आरशात बघा. हात खाली सोडून स्वतःची बगल आणि ड्रेसची बगल यांतलं अंतर मोजा. एक इंच असेल तर ठीक. दीड-दोन असेल तर तेच कारण.

मुंढा अर्धा ते पाऊण इंच वर घ्या. बाहीचं बगलेतलं टोकही तेवढंच वर घ्या. त्याने बाहीचं डोकं बसकं होतं आणि हाताला मोकळीक मिळते. नुसता मुंढा वर घेऊन बाही तशीच ठेवली तर बाही मुंढ्यात मावणार नाही, चुण्या पडतील. दोन्ही गोल टेप उभी धरून मोजा. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा पाऊण ते एक इंच जास्त हवा, त्याहून जास्त नको. आणि पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत खोदलेला असतो. कागदावर पुढचा-मागचा लिहून ठेवा, बाहीवरही. पुढची बाजू मागे लागली तर हात पुढे केल्यावर पाठीत ओढ बसते आणि माणूस दोष खांद्याला देतो.

टाका बारीक ठेवू नका. इंचाला 10-11 टाके. बारीक टाक्याने शिवण पक्की होते असं वाटतं, पण मऊ कापडाला ओळीने भोकं पडतात आणि तिथून ते कागदासारखं सुटतं. कॉटनला 14 नंबरची सुई, मलमल असेल तर 11. बगलेच्या मागे-पुढे दीड-दीड इंच दुसरी टीप, पहिलीपासून पाव इंच मार्जिनच्या बाजूला. आतून मऊ मलमलचा अर्धगोल तुकडा हाताने लावा. घामाने आधी तो जातो, तो बदलता येतो.

हे सगळं मांजरपाटावर आधी शिवून बघा, नुसता योक आणि एक बाही. मांजरपाट नसेल तर जुनी चादर. अर्धा तास जातो, कापड वाचतं.

पायमशीन, धुळे

मास्तर, टाचणीची पद्धत मान्य, पण गळ्याच्या पट्टीपाशी आणि खिशापाशी पाच-सहा थर येतात, तिथे टाचणी सरळ जात नाही. ताईंनी त्या दोन जागा तरी उसवाव्यात.

खालची कड लोंबण्याचं कारण कळीच्या आखणीतच दिसतं. मधली रेघ 30 इंच, पण तिरपी कड मोजली तर 30 आणि जवळपास तीन सूत. कळी खाली सरळ कापून ठेवली तर दोन कळ्यांच्या जोडापाशी कोपरा तीन सूत लांब राहतो. त्यात तिरप्या कडेला अंगचं वजन, ती आणखी उतरते. म्हणून आखताना वरच्या रेघेवरून 30 इंच मधल्या रेघेवर, दोन्ही कडांवर आणि अधेमधे मोजून ठिपके द्या आणि खाली हलका गोल काढा. काही जण एक कड उभी, दुसरी तिरपी अशी कळी काढतात. तिथे हाच फरक सव्वा इंचाच्या वर जातो. त्यात उभी कड शेजारच्या कळीच्या तिरप्या कडेला जोडतात, म्हणजे उभी कड तिरपीला आवरून धरते.

एवढं करूनही शिवल्या शिवल्या दुमडू नका. ड्रेस हॅंगरला एक दिवस-रात्र टांगा. मग कुणाला तरी घालून उभं करा, जमिनीवर पट्टी उभी धरून सारख्या उंचीवर खडूने खुणा करा, खालचं जास्तीचं कापा. खाली दीड इंच सोडलाय तो यासाठीच. शेवटची दुमड मात्र पाव अधिक अर्धा, एवढीच. गोल कडेवर रुंद दुमड घेतली की आत चुण्या पडतात.

योकला जोडण्याआधी कळ्यांची वरची गोलाई मोजा. सहा जोड, प्रत्येक जोडाला दोन कडा, प्रत्येक कडेत एकच सूत जास्त दाबलं गेलं तरी बारा सूत, म्हणजे दीड इंच. 36 चं साडेचौतीस होतं आणि छाती 34 असताना डोक्यातून घालताना जोड अडकतो. मग योक ओढून बसवायचा मोह होतो. बसवू नका, शिवण सोडवून दुरुस्त करा.

तापीकाठ, भुसावळ

सगळ्यांचे आभार. मोजून बघितलं.

कागदावर छाती साडेनऊ, म्हणजे मार्जिन नाही. बगलेचं अंतर पावणेदोन इंच! मास्तरांचं निदान बरोबर निघालं. धागा जाळला, कागदाचा वास, राख मऊ. भिजवल्यावर 20 चे उभे सव्वाएकोणीस, आडवे पावणेवीस.

घोळ नक्षीचा आहे. कोयऱ्या आहेत आणि सगळ्यांची टोकं एकाच दिशेला. फुले मार्केटातून आणलं होतं, तो तागा संपलाय. आता काय? योक वेगळ्या कापडाचा करायचा नाहीये.

बोरीकाठ, अमळनेर

मग 118 चे एकशे साडेतेरा उरले, आडवे किनार सोडून 41. सहा कळ्या एकाच दिशेने या कापडात बसत नाहीत, ते विसरा.

चार कळ्या करा. वर कापायची रुंदी 10, खाली 20. शिवून वर 9 गुणिले 4, तेच 36. खाली 19 गुणिले 4, घेर 76. नव्वदच्या जागी 76, चौदा इंच कमी, पण चालताना अडणारा घेर नाही हा. 20 आणि 20 म्हणजे 40, पन्ह्यात दोन सरळ बसतात. दोन ओळी 64 इंच, योक-बाहीच्या 37, पुन्हा 101च. बारा इंच शिल्लक.

एकाच दिशेने मांडल्यावर दोन कळ्यांच्या मध्ये उलटा त्रिकोण उरतो, वर 10 इंच रुंद. त्यात 7 बाय 9 चा खिशाचा एक भाग बसतो. दोन ओळींत दोन. उरलेले दोन भाग आणि तिरपी पट्टी शेवटच्या बारा इंचांतून काढा.

चार कळ्यांत पुढे मधोमध शिवण येते. कोयरी तिथे अर्धी कापली गेली तर डोळ्यांत भरते. म्हणून पुढच्या दोन कळ्यांची आखणी अशी करा की वरच्या टोकाशी शिवणीच्या रेघेवर दोन कोयऱ्यांमधली मोकळी जागा येईल. खाली कड तिरपी जाते तिथे नक्षी तुटणारच, ते कोणी पाहत नाही. कापायच्या आधी चारही कळ्यांवर आणि योकवर वर जाणारा बाण खडूने काढा. बाह्यांवरही. कैची हातात आली की दिशा विसरते.

कैचीवाले मास्तर, चाळीसगाव

पावणेदोन म्हणजे मुंढा पाऊण इंच वर घ्या, एक राहू द्या. पूर्ण वर घेतला तर बगलेत काचेल.

गळा कापल्या कापल्या, दुसरं काहीही करण्याआधी, कडेपासून पाव इंच आत एक साधी टीप मारून ठेवा. हातात घेऊन मापलं, घालून बघितलं की गळा पसरतो, या टिपेने तो जागेवर राहतो. पट्टी 45 अंशांत कापलेली, सव्वा इंच रुंद. गळ्याच्या खोल गोलात किंचित ताणून लावायची, खांद्याजवळ सैल. सगळीकडे सारखी ताणली तर गळा आत चुणतो, सगळीकडे सैल सोडली तर बाहेर उघडतो. शिवून झाल्यावर मार्जिनला दर अर्ध्या इंचाला कैचीने छेद, टिपेपर्यंत नाही, सूतभर आधी थांबायचं.

खिशाचं तोंड 6 इंच, जोडापासून 3 इंच खाली सुरू. पुढच्या कळीच्या मार्जिनवर आतून एक इंचाची उभ्या धाग्याची पट्टी टाका, तोंडाच्या वर-खाली इंचभर जास्त. ती कड तिरपी आहे, पट्टीशिवाय खिसा हात घालताना ओढून ओढून तोंड लांबवतो आणि खालचा कोपरा उसवतो. तुमच्या उजव्या खिशाचं तेच झालंय. दोन्ही टोकांना तीन-चार वेळा मागे-पुढे टीप.

तापीकाठ, भुसावळ

मास्तर, एकच राहिलं. बाजूच्या शिवणीत मार्जिन एक इंच ठेवू ना, पुढे ढिला करता यावा म्हणून? की मुंढ्यापाशी जड होईल?

कैचीवाले मास्तर, चाळीसगाव

योकला एक इंच ठेवा, मुंढ्यापाशी येताना शेवटच्या दोन इंचांत कमी करत अर्ध्यावर आणा. बाहीलाही टोकाशी अर्धाच. कळ्यांना अर्धा पुरतो, कारण तिथे ढिलं करायची वेळ येत नाही आणि 10-20 च्या मापात तेवढाच धरलाय. योक सोडवायची वेळ आलीच तर बाजूच्या कळ्यांच्या वरच्या टोकाला पाव-पाव इंच मिळतो, त्यात एकूण इंचभर गोलाई वाढते. त्याहून जास्त लागलं तर नवीन कळी.